वावरात उभ्या गाडीला नेट : दोन सिमचा राऊटर, सहा मीटरचा पाईप आणि बारा व्होल्टचा हिशेब

टेम्पो ट्रॅव्हलरच्या सीटा काढून आत पलंग, ओटा आणि पाण्याची टाकी बसवलेल्या गाड्या दिवाळी उलटली की विदर्भात दिसायला लागतात. मोहर्लीला चार दिवस, नवेगावबांधला आठवडा, आणि मग ओळखीच्या कास्तकाराच्या वावरात, विहिरीजवळच्या कडुनिंबाखाली, थेट होळीपर्यंत मुक्काम. थंडी छान, हुरडा छान, पाण्याचीही सोय होते. अडतं ते नेटपाशी. दहाची मीटिंग सुरू झाली की समोरचा चेहरा थिजतो, आवाज तुटतो आणि माणूस मोबाईल उंच धरून धुऱ्यावर चढतो.

हे परीक्षण अशा गाडीतल्या नेटच्या सबंध संचाचं आहे: टेल्टोनिका कंपनीचा आरयूटी ९५१ हा दोन सिमचा फोर-जी राऊटर, त्याला लावायचा बाहेरचा दुहेरी अँटेना, केबल, पाईप आणि बॅटरीवरची जोडणी. निकाल आधीच सांगून टाकू. हिवाळाभर एक-दोन ठिकाणी राहणार असाल आणि नेटवर पोट असेल, तर राऊटर घेण्याजोगा आहे. वेगासाठी नव्हे, चोवीस तास न कुरकुरता चालण्यासाठी. पण अँटेना आणि पाईप घ्यायची तयारी नसेल तर हा राऊटर घेऊच नका. पत्र्याच्या गाडीत ठेवलेला महागडा राऊटर आणि पत्र्याच्या गाडीत ठेवलेला फोन यांत फारसा फरक उरत नाही.

“टावर फुल रायते इथं,” कास्तकार सांगतो, आणि तो खोटं बोलत नाही. त्याला बोलण्यापुरती रेंज लागते, ती असते. फोनवरच्या काड्या नेटबद्दल जवळपास काहीच सांगत नाहीत. बघायचे ते दोन आकडे: आरएसआरपी, म्हणजे टॉवरचा आवाज किती मोठा येतो, आणि एसआयएनआर, म्हणजे तो आवाज गोंगाटातून किती स्वच्छ ऐकू येतो. नेटमॉन्स्टर नावाच्या अ‍ॅपमध्ये दोन्ही दिसतात. आरएसआरपी उणे ९५ च्या आसपास असेल तर काम सहज चालतं. उणे ११० ला ओढाताण सुरू होते. उणे १२० म्हणजे नाव दिसतं, नेट नाही. एसआयएनआर १३ च्या वर असेल तर उत्तम, शून्याच्या खाली गेला की काड्या कितीही असोत, मीटिंग तुटणारच. मुक्कामाची जागा ठरवण्याआधी गाडीच्या टपावर उभं राहून हे दोन आकडे बघा. खाली उभं राहून बघितलेले आकडे पऱ्हाटीचे आणि तुरीचे असतात, टॉवरचे नसतात.

आता बँड, म्हणजे टॉवरच्या लहरींचे ठरलेले पट्टे. जिओचं फोर-जी ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झवर चालतं. राऊटरच्या भाषेत बँड ५, ३ आणि ४०. बीएसएनएलच्या देशी बनावटीच्या फोर-जीचं उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ ला झालं. ते ७०० आणि २१०० वर आहे, म्हणजे बँड २८ आणि १. आकडा लहान तितकी लहर लांब जाते आणि झाडापानांतून, भिंतींतून कमी खर्ची पडते. आकडा मोठा तितका वेग जास्त, पोच कमी. दूरच्या गावचा टॉवर वावरात मिळतो तो बहुधा ८५० किंवा ७०० वर. म्हणून राऊटर घेताना पहिला प्रश्न दुकानदाराला विचारायचा तो वेगाचा नाही: यात बँड २८ आणि ४० दोन्ही आहेत का? आरयूटी ९५१ वेगवेगळ्या देशांसाठी वेगवेगळ्या मोडेमसह मिळतो. युरोपसाठीच्या मोडेममध्ये बँड २० असतो, जो आपल्याकडे कामाचा नाही, आणि बँड २८ नसण्याची शक्यता असते. मग बीएसएनएलचा ७०० चा टॉवर समोर उभा असला तरी राऊटरला तो दिसणारच नाही. खोक्यावरचा पूर्ण कोड वाचून त्या कोडच्या माहितीपत्रकात बँड तपासा. नुसत्या “आरयूटी ९५१” या नावावर पैसे देऊ नका.

चंद्रपूर-गडचिरोलीकडे सागाच्या रानालगत थांबणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: नोव्हेंबरात साग पानांनी भरलेला असतो, फेब्रुवारीत उघडा पडतो. मोठी पानं आणि त्यांवरचं दव २३०० ला चांगलंच अडवतात. तेव्हा नोव्हेंबरात ‘इथं नेट नाही’ म्हणून सोडलेली जागा फेब्रुवारीत कामाची निघू शकते. वऱ्हाडातल्या सपाट काळ्या रानात हा प्रश्न नाही. तिथे उंची मिळाली की टॉवर मिळतो. मेळघाटात उलटं. सेमाडोह, कोलकास ही खोऱ्यातली ठिकाणं. डोंगर आड आला की पाईप सहाचा लावा की नऊचा, जे सिग्नल तिथे नाहीच ते अँटेना पैदा करत नाही. तिथे चढावर गाडी थांबवून काम उरकावं आणि मग खाली उतरावं, हे जास्त शहाणपणाचं.

फोनच्या हॉटस्पॉटवर दोन-चार दिवस निघतात. त्यापुढे फोन तापतो आणि चार्जिंगला लावून हॉटस्पॉट चालू ठेवला की आणखी तापतो. तरी एक जुगाड सांगण्यासारखा आहे: हॉटस्पॉट चालू केलेला फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दोरीने बल्लीच्या टोकाला चढवायचा. हसू येतं, पण चालतं, कारण फोन पत्र्यातून बाहेर आला आणि वर गेला. बॅटरीवाल्या छोट्या हॉटस्पॉट डब्या मात्र मुक्कामाच्या गाडीत नकोतच. सतत चार्जिंगवर राहून, डॅशबोर्डवरच्या उन्हात त्यांची बॅटरी फुगते.

राऊटरकडे वळू. आरयूटी ९५१ तळहाताएवढा, ॲल्युमिनियमच्या खोक्यातला आहे. दोन सिम, वायरीचे चार पोर्ट (तीन लॅन, म्हणजे आपली यंत्रं जोडायचे; एक वॅन, म्हणजे बाहेरचं नेट आत घ्यायचा), अँटेनासाठी चार तोंडं: दोन मोबाईलची, दोन वायफायची. सिमच्या ट्रे पिनने दाबून बाहेर येतात आणि त्यांत मोठ्या आकाराचं सिम बसतं, फोनमधलं नॅनो नाही. दुकानातून सिम आणताना ज्या कार्डाच्या चौकटीतून ते मोडून काढतात ती चौकट फेकू नका, तीच इथे लागते. सुटं नॅनो सिम सेलोटेप लावून बसवलं की गाडीच्या हादऱ्याने सरकतं आणि ‘सिम नाही’ असा दोष येतो.

त्याची खरी ताकद वीज घेण्यात आहे. ९ ते ३० व्होल्ट डीसी यांमधलं काहीही चालतं. घरगुती सिम राऊटर बहुधा नेमके ९ किंवा १२ व्होल्ट मागतात. गाडी चालू असताना अल्टरनेटर १४ च्या वर नेतो, स्टार्टर मारताना व्होल्टेज दणकन खाली बसतं, आणि असा राऊटर एक तर बंद पडतो किंवा जळतो. इथे ती भीती नाही.

आता उणं. हा कॅटेगरी ४ चा मोडेम आहे, कागदावर १५० एमबीपीएस, आणि तेही २० मेगाहर्ट्झचा पूर्ण बँड मिळाला तर. ५ मेगाहर्ट्झच्या बँडवर कागदावरचाच आकडा सदतीसच्या आसपास येतो. दोन बँड एकत्र ओढायची सोय याच्यात नाही, ती चांगल्या फोनमध्ये असते. त्यामुळे टॉवरजवळ उभं राहिलं तर खिशातला फोन या राऊटरपेक्षा जास्त वेग दाखवेल. त्याने खट्टू होऊ नका. मीटिंगला दोन-तीन एमबीपीएस पुरतात, ते सलग मिळाले पाहिजेत. वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचं, गाडीच्या लांबीला भरपूर. फाईव्ह-जी नाही. समृद्धी महामार्गावरून जाता-येता त्याची उणीव भासेल, वावरात नाही.

दुसरं उणं जास्त महत्त्वाचं आणि जाहिरातीत ते कळत नाही. सिम दोन, मोडेम एकच. एका वेळी एकच सिम चालतं. पहिलं गेलं की दुसऱ्यावर जाताना मध्ये अर्धा-एक मिनिट नेट नसतं, म्हणजे मीटिंग एकदा तुटते. ‘दोन कंपन्यांचं नेट एकत्र’ असं कुणी सांगत असेल तर ते चूक आहे.

आणि अँटेना लावला की या दोन सिमांचा आणखी एक पेच उभा राहतो. दिशा धरणारा अँटेना एका टॉवरकडे तोंड करून असतो. दुसऱ्या कंपनीचा टॉवर पाठीमागे असेल तर राखीव सिम नावापुरतंच. उलट दोन्ही कंपन्या एकाच टॉवरवर असतील, आणि खेड्यांत ते सर्रास असतं, तर अँटेना दोघांनाही चालतो. पण गावची लाईन पाच-सहा तास गेली, टॉवरच्या बॅटऱ्या बसल्या आणि डिझेल नसलं की दोन्ही सिम एकदमच मरतात. म्हणून अँटेना फिरवताना दोन्ही सिमांचे आकडे वेगवेगळे लिहून ठेवा. दोघांचा सगळ्यात चांगला आकडा एकाच दिशेला येत असेल तर टॉवर बहुधा एकच आहे. तेव्हा तिसऱ्या कंपनीचं सिम आणून बघा. दोन टॉवरांमध्ये पन्नास-साठ अंशांचा फरक असेल तर अँटेना मधोमध रोखून दोघांनाही थोडं-थोडं देता येतं. फरक त्याहून जास्त असेल तर राखीव सिम फोनमध्येच ठेवा आणि फोनचा हॉटस्पॉट राऊटरला वायफायने जोडा. राऊटर त्याला दुसरी लाईन मानून मोबाईल पडला की आपोआप तिकडे वळतो. पर्याय तितकासा देखणा नाही, पण वावरात हाच जास्त उपयोगी पडतो.

अँटेना घेताना ‘टू बाय टू मायमो’, म्हणजे एकाच पेटीत आडवे-तिरपे दोन अँटेना आणि दोन केबली, असाच घ्या. फोर-जी दोन रस्त्यांनी माहिती पाठवतं. एकच केबल जोडली तर चांगल्या सिग्नललाही निम्मा वेग जातो. बँडची मर्यादाही बघा: ७०० पासून २३०० पेक्षा वरपर्यंत. जुना साठा ८०० पासून सुरू होतो आणि बीएसएनएलच्या ७०० ला लंगडा पडतो. पेटीच्या पाठीवर वरची बाजू दाखवणारा बाण असतो. तो वरच ठेवा, म्हणजे आतले दोन अँटेना टॉवरशी जुळतील असे तिरपे बसतात.

मग केबल. इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. दुकानात सहज मिळणारी पातळ काळी आरजी-५८ केबल २३०० मेगाहर्ट्झला मीटरमागे जवळपास एक डेसिबल (सिग्नलची वाढ-घट मोजायचं माप) खाते. दहा मीटरला दहा. नऊ डेसिबलचा अँटेना आणून त्याला ही केबल लावली तर हिशेब उणेच. एलएमआर-४०० त्याच कामाला मीटरमागे ०.२२ च्या आसपास खाते, पण ती बोटाएवढी जाड, वाकायला कडक. तिचं वजन राऊटरच्या इवल्याशा तोंडावर टाकलं की ते तोंड मोडतं. एलएमआर-२४० मधली: ०.४ च्या घरात नुकसान, खिडकीच्या रबरातून निघते. सहा-सात मीटरपर्यंत २४० घ्या. त्याहून जास्त लागत असेल तर ४०० घ्या आणि राऊटरच्या टोकाला ३० सेंटीमीटरचा नरम तुकडा जोडा. दोन्ही केबली सारख्या लांबीच्या हव्यात.

कनेक्टर नीट बघून घ्या, कारण चूक डोळ्यांना दिसत नाही. राऊटरची मोबाईलची तोंडं एसएमए, वायफायची आरपी-एसएमए. बाहेरून दोन्ही सारखीच, आट्याही एकमेकांत बसतात. फरक मधल्या पिनेत आहे. मोबाईलच्या तोंडाच्या मध्यभागी बारीक भोक असतं, तेव्हा केबलच्या टोकाला पिन हवी. आरपी-एसएमएची केबल तिथे घट्ट बसते, हाताने ओढून निघत नाही, पण आत भोकासमोर भोक येतं आणि कशालाच काही लागत नाही. आरएसआरपी अँटेना नसल्यासारखाच राहिला तर आधी हे उघडून बघा. बाहेरच्या सांध्यांना स्वतःत चिकटणारी रबरी टेप ओढून गुंडाळा, नुसती इलेक्ट्रिकची टेप दवाने सुटते. आणि केबल गाडीत शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्या, म्हणजे थेंब तिथूनच गळतो, आत येत नाही.

लांब केबलचा त्रासच नको असेल तर राऊटरच वर चढवा: पाणी न शिरणाऱ्या पेटीत राऊटर, अर्ध्या मीटरच्या केबलीने अँटेना, आणि खाली येते ती साधी कॅट-६ वायर, जिला या अंतरात काहीच तोटा नाही. वीजही त्याच वायरने पहिल्या लॅन पोर्टातून देता येते. मात्र ही ‘पॅसिव्ह’ पीओई आहे, ९ ते ३० व्होल्टची. सीसीटीव्हीच्या दुकानातला ४८ व्होल्टचा इंजेक्टर लावायचा नाही. थंडीत ही मांडणी झकास, एप्रिलच्या उन्हात बंद पेटी भट्टी होते. गाडीतलं वायफाय मग वरून पत्र्यातून झिरपत येतं, म्हणून आत एखादा साधा जुना राऊटर लागतो.

पाईप: जीआय पाईप वीस फुटी, म्हणजे सहा मीटरचा मिळतो, दीड इंची घ्या आणि वाहतुकीसाठी दोन तुकडे करून आटे पाडून सॉकेट बसवा. जमीन खणायची गरज नाही. लोखंडी पट्टीवर दोन फुटांचा जाड पाईप उभा वेल्ड करून घ्या, पट्टी मागच्या चाकाखाली दाबा, सहा मीटरचा पाईप त्यात घाला आणि टपाच्या कॅरिअरला वर एक क्लॅम्प मारा. वारा असेल तर तीन बाजूंनी ताण. मोकळ्या रानात अँटेनाची उंची दुप्पट केली की साधारण सहा डेसिबल पदरात पडतात. टपाच्या तीन मीटरवरून सहावर जाण्याचा फायदा तेवढा. हेच सहा डेसिबल महाग अँटेना घेऊन मिळवायला गेलात तर खिसा रिकामा होतो. उभा करण्याआधी वर बघा. वावरातून शेतपंपाची ११ केव्हीची लाईन गेलेली असते, तारा झोललेल्या असतात. पाईप पडला तरी तारेला लागणार नाही, म्हणजे पाईपच्या लांबीपेक्षा निदान दोन मीटर जास्त अंतर ठेवा. पाईप आडवा खांद्यावर घेऊन चालतानाही हेच.

दिशा लावायला दोन माणसं लागतात. सरकारच्या तरंग संचार संकेतस्थळावर आसपासचे टॉवर दिसतात, त्यावरून अंदाज घ्या. पण शेवटचा शब्द राऊटरचा. पाईप तीस अंशांनी फिरवायचा, पूर्ण मिनिट थांबायचं, दोन्ही आकडे लिहायचे, बारा जागा. चांगल्या दिसलेल्या दोन जागांभोवती दहा-दहा अंशांनी पुन्हा. थांबल्याशिवाय आकडे खरे होत नाहीत, आणि घाईत फिरवून ‘सगळीकडे सारखंच आहे’ म्हणणारे इथेच चुकतात. आरएसआरपी आणि एसआयएनआर वेगवेगळ्या दिशांना चांगले आले तर एसआयएनआरची दिशा धरा. मोठ्या आवाजापेक्षा स्वच्छ आवाज कामाचा.

राऊटरच्या आतली मांडणी १९२.१६८.१.१ वर उघडते. पाच गोष्टी केल्याशिवाय सोडू नका. जाळं फक्त फोर-जी वर बांधा, नाहीतर बीएसएनएलचं सिम जवळच्या जुन्या टू-जी, थ्री-जीवर जाऊन बसतं. सिम जुनं असेल तर ते बदलून फोर-जीचं करून घ्यावं लागतं, नुसती सेटिंग पुरत नाही. एपीएन, म्हणजे कंपनीच्या नेटमध्ये शिरायचं नाव, हाताने भरा: जिओला ‘जिओनेट’, बीएसएनएलला ‘बीएसएनएलनेट’, लहान इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. बँड एक-एक करून हाताने निवडा आणि प्रत्येकावर सकाळी, दुपारी, रात्री आठला वेग बघा. संध्याकाळी गाव घरी आलं की २३०० तुंबतो आणि ८५० बरा चालतो, किंवा बरोबर उलटं. पिंग रीबूट चालू करा, म्हणजे नेटला घातलेली हाक (पिंग) परत येईनाशी झाली की राऊटर आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होतो. आणि सिम बदलण्याची अट सैल ठेवा: सलग पाच वेळा पिंग चुकलं तरच बदल, अर्ध्या तासाने पहिल्यावर परत. दोन चुकांवर अट ठेवली तर राऊटर दिवसभर या सिमवरून त्या सिमवर उड्या मारत बसतो, आणि दोष मात्र कंपनीला दिला जातो.

पेंच, सिरोंचा, गोंदियाच्या बाजूला आणखी एक गंमत. राऊटर मध्य प्रदेश, तेलंगणा किंवा छत्तीसगडच्या टॉवरला जाऊन चिकटतो. बिल वाढत नाही, पण दूरचा टॉवर धरून बसतो. बँड बांधला की बहुतेकदा सुटतं.

सिमबद्दल एक सक्त सूचना: बँकेला जोडलेला नंबर राऊटरमध्ये घालू नका. ओटीपी राऊटरच्या संदेशपेटीत येऊन पडतो, आणि तुम्ही फोनकडे बघत बसता. पॅकही नीट निवडा. रोज दीड-दोन जीबीचा फोनचा पॅक व्हिडिओ मीटिंगच्या दोन तासांत संपतो आणि मग ६४ केबीपीएसवर रांगतो. महिन्याला एकत्र डेटा देणारा पॅक घ्या, आणि लॅपटॉपवर हे वायफाय ‘मोजकं’ म्हणून नोंदवा, नाहीतर विंडोज मध्यरात्री अपडेट ओढून घेतं. अमर्याद फाईव्ह-जीची जाहिरात इथे उपयोगाची नाही. फोर-जीवर ओढलेला डेटा रोजच्या मर्यादेतूनच जातो.

विजेचा हिशेब सोपा आहे. राऊटर सरासरी ५ वॅट धरा. चोवीस तासांचे १२० वॅट-तास, म्हणजे बारा व्होल्टच्या बॅटरीतून रोज साधारण १० अँपिअर-तास. शंभरच्या लिथियम बॅटरीवर दुसरं काही नसेल तर आठवडा निघतो. हाच राऊटर इन्व्हर्टरवरून अडॅप्टर लावून चालवला तर इन्व्हर्टर नुसता चालू राहायलाच १०-१५ वॅट खातो. राऊटरपेक्षा दुप्पट-तिप्पट वीज त्याच्या पोटात. तेव्हा थेट बॅटरीवर: दीड चौरस मिलिमीटरची वायर, बॅटरीच्या अधिक टोकापासून वीतभर अंतरात २ अँपिअरचा फ्यूज, आणि चार पिनांचा प्लग. लाल अधिक, काळी उणे. उरलेल्या हिरवी आणि पांढरी या इनपुट-आउटपुटच्या, त्यांची उघडी टोकं टेप लावून वेगवेगळी बांधा. टपावर सपाट झोपवलेलं १०० वॅटचं सोलर पॅनल डिसेंबरात दिवसाला २५०-३५० वॅट-तास देतं, राऊटर आणि एका लॅपटॉपला पुरे. पण कडुनिंबाखाली उभ्या गाडीला ते काही देत नाही. थंडीत गाडी उन्हात लावा, सावलीची हौस मार्चनंतर. वावरातल्या मोटारीच्या खोपडीतून वायर ओढून चार्ज करणार असाल तर मीटर लावून बघा. शेतीच्या फीडरला लाईन ठराविक तासच असते आणि सगळ्यांच्या मोटारी एकदम लागल्या की व्होल्टेज पडतं.

बूस्टर घेऊ नका. ‘तीन कंपन्या, दोन हजार फूट’ असं लिहिलेले सिग्नल बूस्टर ऑनलाईन मिळतात, पण परवान्याशिवाय असा रिपीटर बसवणं बेकायदेशीर आहे आणि त्याने आख्ख्या गावचा टॉवर गोंधळतो. अँटेना वेगळा: तो वीज घेत नाही, सिग्नल वाढवून परत फेकत नाही, त्याला अडचण नाही. उपग्रहावरून थेट डिशला नेट देणाऱ्या स्टारलिंकला भारतात जून २०२५ मध्ये दूरसंचारचा परवाना मिळाला. परदेशातून नातेवाइकाने आणलेली डिश टपावर लावणं ही मात्र वेगळी गोष्ट, तिच्या वाटेला जाऊ नका.

फेब्रुवारी-मार्चमध्ये ढग दाटले, गारपिटीचा अंदाज आला की पाईप आडवा करा. अर्धवट उपाय म्हणून राऊटर बंद करणं पुरत नाही; आभाळातली वीज केबलीतून येते. दोन्ही एसएमए सोडवून टोकं गाडीबाहेर काढून ठेवा.

मुक्काम एकाच वावरात दोन महिन्यांहून जास्त असेल आणि गावठाण जवळ असेल, तर हे सगळं करण्याआधी गावच्या केबलवाल्याला गाठा. सरकारच्या भारतनेट योजनेमुळे बऱ्याच ग्रामपंचायतींपर्यंत फायबर आलेली आहे आणि खाजगी केबलवालेही खांबाखांबावरून ती ओढतात. विचारायचं एवढंच: शेवटच्या खांबापासून वावर किती, आणि लाईन गेली की तुमच्या डब्याला बॅटरी आहे का? फायबर आली तर ती आरयूटी ९५१ च्या वॅन पोर्टात, सिम मागे राखीव. हा राऊटर सगळ्यात शोभतो तो याच मांडणीत, कारण वॅन पडली की तो सिमवर आपोआप येतो आणि वॅन आली की परततो. वायर टाकून घेताना तिथे स्वतः उभे राहा. गाडवाटेवरून ती इतकी उंच बांधून घ्या की कापसाने भरलेली बंडी, वर बसलेल्या माणसासकट, खालून निघेल.